घातक कचरा, दूषित जमीन आणि नवे नियम
बुलढाणा जिल्ह्याच्या संदर्भात एक दृष्टिक्षेप

बुलढाणा जिल्ह्यातील माणूस आपल्या जिल्ह्याचे दोन भाग सांगतो : एक घाटावरचा, दुसरा घाटाखालचा. चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा हे तालुके घाटावर. मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद, संग्रामपूर हे घाटाखाली. घाटावर काळ्या पाषाणाचे थर आणि त्यांवर कमीअधिक जाडीची माती. घाटाखाली पूर्णा नदीने हजारो वर्षांत आणून पसरलेला खोल गाळ. दोन्ही भागांत अनेक बाबतींत फरक आहे. परंतु सर्वांत मोठा फरक पाण्याचा आहे.

पूर्णेच्या खोऱ्यातील फार मोठा पट्टा खारपाणपट्टा म्हणून ओळखला जातो. अमरावती व अकोला जिल्ह्यांतून तो बुलढाणा जिल्ह्यात उतरतो. येथे विहीर खोदली तर पाणी लागते, पण ते खारट लागते. पिण्याच्या पाण्यात विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण दर लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावे आणि दुसरा स्रोतच नसेल तर २,००० मिलिग्रॅमपर्यंत चालवून घ्यावे, असे भारतीय मानक सांगते. खारपाणपट्ट्यातील कित्येक विहिरींचे पाणी या दुसऱ्या मर्यादेच्याही पलीकडे जाते. वान धरणाचे पाणी नळाने संग्रामपूर व जळगाव जामोद तालुक्यांतील गावांना पुरवावे लागले, त्यामागे हेच कारण आहे.

ज्या प्रदेशात गोड्या पाण्याची एक विहीर हीच गावाची दौलत असते, तेथे ती विहीर रसायनाने नासली तर तिच्या जागी दुसरी खोदता येत नाही. औद्योगिक कचऱ्यासंबंधीचे कायदे ही मुंबई-ठाण्याच्या रासायनिक पट्ट्यापुरती बाब आहे, अशी समजूत विदर्भात अद्याप आढळते. वस्तुतः या कायद्यांची खरी निकड अशाच ठिकाणी आहे. जुलै २०२५ मध्ये केंद्र शासनाने दूषित स्थळांच्या व्यवस्थापनाविषयी स्वतंत्र नियम प्रसिद्ध केले असून त्यांतील पहिले काम स्थानिक संस्था व जिल्हा प्रशासन यांच्याकडे सोपविले आहे. म्हणूनच हे नियम कसे आले व त्यांचा अर्थ काय, हे जिल्ह्यातील नागरिकांनी व ग्रामपंचायतींच्या पदाधिकाऱ्यांनी समजून घेणे अगत्याचे आहे.

भोपाळनंतरचे कायदे

जलप्रदूषणाचा कायदा १९७४ साली आणि वायुप्रदूषणाचा १९८१ साली झाला. पाण्यात काय सोडावे व हवेत काय सोडावे याचे नियमन या दोन कायद्यांनी केले. तथापि, कारखान्यातून निघणारा गाळ, राळ, तळाशी उरलेला चिकट अवशेष, मुदत संपलेली रसायने यांचे काय करावयाचे, या प्रश्नाला स्वतंत्र उत्तर नव्हते. पाणी शुद्ध करण्यासाठी बसविलेल्या यंत्रणेतूनच विषारी गाळ बाहेर पडतो, ही गोष्ट ध्यानात येण्यास वेळ लागला. पाण्यातील विष काढून घेतले की ते नाहीसे होत नाही. ते गाळात जाऊन बसते, एवढाच फरक.

२ व ३ डिसेंबर १९८४ च्या दरम्यानच्या रात्री भोपाळ येथे विषारी वायूने हजारो माणसांचा बळी घेतला. त्यानंतर १९८६ मध्ये पर्यावरण (संरक्षण) अधिनियम आला आणि त्याच्या आधारे २८ जुलै १९८९ रोजी घातक कचऱ्याचे पहिले नियम प्रसिद्ध झाले. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये स्वित्झर्लंडमधील बाझल येथे घातक कचऱ्याच्या देशादेशांतील वाहतुकीवर निर्बंध घालणारा आंतरराष्ट्रीय करार झाला होता. भारताने १९९२ साली त्यास मान्यता दिली. पुढे सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या डॉ. एम. जी. के. मेनन समितीने देशातील परिस्थितीची पाहणी केली आणि तिच्या अहवालाच्या आधारे १४ ऑक्टोबर २००३ रोजी न्यायालयाने सविस्तर आदेश दिले. मूळ नियमांची जागा २००८ साली नव्या नियमांनी आणि पुन्हा ४ एप्रिल २०१६ रोजी सध्या लागू असलेल्या नियमांनी घेतली.

नियमांची ही वंशावळ वाचताना कंटाळा येणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्ष व्यवहारात मात्र त्यांचा गाभा साधा आहे. ज्याच्या आवारात घातक कचरा निर्माण होतो, त्याची जबाबदारी तो कचरा फाटकाबाहेर गेल्याने संपत नाही.

कचऱ्याचा प्रवास

कारखानदारास प्रथम महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडून प्राधिकारपत्र घ्यावे लागते. कोणत्या प्रक्रियेतून कोणता कचरा निघतो व तो किती, हे त्यात नमूद असते. नियमांच्या पहिल्या अनुसूचीत अशा ३८ प्रकारच्या प्रक्रिया दिल्या आहेत. कचरा कारखान्यात साधारणपणे ९० दिवसांहून अधिक काळ साठविता येत नाही. त्यानंतर तो अधिकृत वाहनातून अधिकृत ठिकाणीच गेला पाहिजे.

या प्रवासाची नोंद ठेवण्याची पद्धत मुद्दाम सांगण्यासारखी आहे. प्रत्येक खेपेबरोबर सात प्रतींचे वाहतूकपत्र असते आणि प्रत्येक प्रतीचा रंग वेगळा. पांढरी प्रत पाठविणारा मंडळाकडे धाडतो, पिवळी स्वतःजवळ ठेवतो. गुलाबी प्रत कचरा घेणाऱ्याकडे राहते, नारिंगी वाहतूकदारास मिळते, हिरवी घेणाऱ्याकडून मंडळाकडे जाते. खेप दुसऱ्या राज्यात जाणार असेल तर करड्या रंगाची प्रत लागते. निळी प्रत ही सर्वांत महत्त्वाची म्हणावी लागेल. कारण ती घेणाऱ्याकडून मूळ कारखान्याकडे परत येते. निळी प्रत आली नाही, याचा अर्थ मालमोटार ठरल्या ठिकाणी पोचली नाही. एखाद्या नाल्यात वा माळरानावर रात्रीतून रिकाम्या होणाऱ्या पिंपांचा माग काढावयाचा तर आरंभ येथूनच करावा लागतो.

महाराष्ट्रात अशा कचऱ्याची विल्हेवाट लावणाऱ्या सामायिक सुविधा तळोजा, ठाणे-बेलापूर पट्ट्यातील महापे, पुण्याजवळील रांजणगाव आणि नागपूरजवळील बुटीबोरी येथे आहेत. विदर्भातील कारखान्यांसाठी बुटीबोरी हे केंद्र होय. खामगावहून तेथपर्यंतचे अंतर तीनशे किलोमीटरच्या घरात आहे. मलकापूर व दसरखेड येथील औद्योगिक वसाहतींपासून ते आणखी वाढते. वर्षाकाठी थोडाच कचरा निर्माण करणाऱ्या लहान उद्योजकास हे अंतर खर्चिक वाटते, हे मान्य केलेच पाहिजे. वर्षाला दहा टनांपर्यंत कचरा असणाऱ्यांना १८० दिवसांपर्यंत साठा करण्याची सवलत त्यासाठीच आहे.

केंद्रावर कचऱ्याची प्रथम तपासणी होते. जळण्याजोगा कचरा उच्च तापमानाच्या दुहेरी भट्टीत जाळतात. उरलेल्यात चुना, सिमेंट आदी मिसळून तो घट्ट करतात आणि चिकणमातीचा व जाड प्लास्टिकचा थर दिलेल्या खड्ड्यात पुरतात. खड्ड्याच्या तळाशी जमणारा झिरपा नळ्यांनी बाहेर काढून शुद्ध करावा लागतो. खड्डा भरून बंद झाल्यावरही तीस वर्षे त्याच्यावर देखरेख ठेवावयाची असते. कचरा पुरला म्हणजे काम संपले, असे येथे समजले जात नाही.

जमिनीत राहिलेले विष

ही सर्व व्यवस्था आज निर्माण होणाऱ्या कचऱ्यासाठी झाली. जो पूर्वीच जमिनीत गेला, त्याचे काय? कारखाना बंद पडला, मालक बदलला, कंपनीचे नावच उरले नाही, अशा वेळी जमिनीची जबाबदारी कोणाची? या प्रश्नाला अनेक वर्षे नियमांत थेट उत्तर नव्हते.

प्रश्न आपल्याच देशाला पडला होता असे नाही. अमेरिकेत नायगारा फॉल्स शहरातील लव्ह कॅनॉल नावाच्या अर्धवट कालव्यात एका कंपनीने १९४२ ते १९५३ या काळात हजारो टन रसायने पुरली आणि ती जमीन एका डॉलरला शाळा मंडळास विकली. तिच्यावर शाळा झाली, भोवती घरे झाली. १९७८ मध्ये तळघरांतून रसायने वर येत असल्याचे उघड झाल्यावर तेथे आणीबाणी जाहीर करावी लागली. १९८० साली अमेरिकेने दूषित जमिनींच्या शुद्धीकरणासाठी वेगळा कायदा व निधी निर्माण केला तो या घटनेनंतर.

आपल्याकडे या विषयाचा पाया राजस्थानातील उदयपूर जिल्ह्यातल्या बिछडी या गावाने घातला, असे म्हणणे वावगे ठरणार नाही. तेथे १९८०च्या दशकाच्या अखेरीस रंगोद्योगात लागणारे एच-ॲसिड तयार करणारे कारखाने निघाले. त्यांचे उत्पादन शंभराच्या हिशेबातले, ३७५ टन. पण त्यापायी निघालेला विषारी गाळ सुमारे २,४०० टन. हा गाळ उघड्यावर टाकण्यात आला. पावसाच्या पाण्याबरोबर तो जमिनीत मुरला, विहिरींचे पाणी पिण्याच्या वा शेतीच्या उपयोगाचे राहिले नाही. उत्पादन लवकरच बंद झाले, गाळ मात्र राहिला.

नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने, म्हणजे विदर्भातल्याच संस्थेने, तेथील माती व पाणी तपासून अहवाल दिला. १३ फेब्रुवारी १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, जो प्रदूषण करील त्यानेच हानीची भरपाई व जमिनीच्या शुद्धीकरणाचा खर्च दिला पाहिजे. हा खर्च पुढे ३७.३८५ कोटी रुपये ठरविण्यात आला. ही रक्कम भरण्यात आली नाही. अर्जांमागून अर्ज होत राहिले. अखेर जुलै २०११ मध्ये न्यायालयाने १९९७ पासूनच्या १२ टक्के चक्रवाढ व्याजासह ती भरण्याचा आदेश दिला. तत्त्व एका निकालात प्रस्थापित झाले, परंतु पैसे वसूल होण्याचा मार्ग पंधरा वर्षे न्यायालयातच घुटमळला. या दिरंगाईची किंमत गावकऱ्यांनी पाण्याच्या रूपाने मोजली.

भोपाळचा दाखला तर अधिकच बोलका आहे. दुर्घटनाग्रस्त कारखान्याच्या आवारात साठवून ठेवलेला सुमारे ३३७ टन कचरा हलविण्यास चाळीस वर्षे लागली. मध्य प्रदेश उच्च न्यायालयाच्या डिसेंबर २०२४ मधील आदेशानंतर १ जानेवारी २०२५ च्या रात्री तो बारा बंदिस्त वाहनांतून पिथमपूरला नेण्यात आला आणि जून २०२५ अखेर जाळण्यात आला. जाळताना चुना व इतर द्रव्ये मिसळावी लागल्याने उरलेल्या राखेचे व अवशेषांचे वजन मूळ कचऱ्याहून अधिक भरले. आणि हा केवळ जमिनीवरचा, पोत्यांत भरलेला कचरा होता. आवारातील मातीत व भूजलात मुरलेल्या द्रव्यांचा हिशेब निराळाच आहे.

२०२५ चे नियम

या पार्श्वभूमीवर जुलै २०२५ मधील दूषित स्थळ व्यवस्थापनाचे नियम पाहावे लागतात. स्थानिक संस्था अथवा जिल्हा प्रशासन यांनी स्वतः होऊन, किंवा जनतेकडून तक्रार आल्यावर, आपल्या क्षेत्रातील संशयित ठिकाणांची यादी करावी व ती दर सहामाहीस केंद्रीय संगणकीय नोंदस्थानावर द्यावी, ही पहिली पायरी आहे. राज्य मंडळाने ९० दिवसांत प्राथमिक तपासणी करावयाची. २०१६ च्या नियमांत दिलेल्या १८९ घातक रसायनांपैकी काही तेथे मर्यादेबाहेर आहेत काय, हे पाहिले जाते. तसे आढळल्यास आणखी तीन महिन्यांत सविस्तर पाहणी होते. माती व पाण्याचे नमुने ठरलेल्या पातळीच्या वर निघाले, तर ती जागा दूषित म्हणून जाहीर होते आणि तेथील वावरावर निर्बंध येतात. त्यानंतर तज्ज्ञ संस्थेकडून शुद्धीकरणाचा आराखडा तयार करून घेतला जातो आणि दरम्यान जबाबदार व्यक्ती कोण, याचा शोध मंडळ ९० दिवसांत घेते.

खर्च जबाबदार व्यक्तीने द्यावयाचा. ती सापडलीच नाही किंवा देण्यास असमर्थ ठरली, तर अशा निनावी स्थळांचा भार केंद्र व राज्य शासन उचलते. किरणोत्सारी कचरा, खाणकाम, समुद्रातील तेलगळती आणि नगरपालिकांचे साधे कचरा डेपो यांना हे नियम लागू नाहीत. परंतु अशा जागी घातक रसायन मिसळून त्याची पातळी मर्यादेबाहेर गेली असेल, तर ते लागू होतात. गावच्या उकिरड्यावर कोणी रसायनाची पिंपे टाकली तर हा अपवाद उपयोगी पडणारा आहे.

नियम प्रसिद्ध झाले तेव्हा देशभरात १०३ दूषित स्थळे निश्चित झालेली होती आणि त्यांपैकी केवळ ७ ठिकाणी शुद्धीकरणाचे काम सुरू झाले होते. पर्यावरण अधिनियमातील शिक्षेचे स्वरूपही १ एप्रिल २०२४ पासून बदलले आहे. पूर्वी पाच वर्षांपर्यंत कारावास अथवा एक लाख रुपये दंड अशी तरतूद होती. आता दहा हजार ते पंधरा लाख रुपये दंड होतो. मोठ्या उद्योगास पंधरा लाखांचे भय किती वाटेल, हा प्रश्न रास्त आहे. जमीन शुद्ध करण्याचा खर्च भरावा लागणे, हाच यापुढे खरा धाक ठरेल.

संशय आणि सिद्धता

संशयावरून निष्कर्षाप्रत पोचण्यात किती सावधगिरी बाळगावी लागते, हे शेगाव तालुक्याने जानेवारी २०२५ मध्ये अनुभवले आहे. बोंडगाव, कालवड, हिंगणा आदी गावांतील लोकांचे केस काही दिवसांतच गळून टक्कल पडू लागले. पहिला संशय सहजच पाण्यावर गेला. पाणी तपासले असता त्यात नायट्रेट व क्षार यांचे प्रमाण अधिक निघाले; पण या पट्ट्यातील पाणी पिढ्यान्‌पिढ्या तसेच आहे, आणि पूर्वी कोणाचे असे केस गेल्याचे ऐकिवात नव्हते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पथकांनी नमुने नेले. रुग्णांच्या रक्तात सेलेनियम या मूलद्रव्याचे प्रमाण वाढलेले आढळले. डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी केलेल्या अभ्यासाने खाण्यातील गव्हाकडे बोट दाखविले. विहिरीवर ठपका ठेवून थांबले असते, तर ही दिशाच सापडली नसती.

खारपाणपट्ट्यात ही दक्षता दुप्पट आवश्यक आहे. येथील क्षारता निसर्गाची आहे. कोणा कारखान्याची करणी नव्हे. पाणी खारट लागते म्हणून जागा दूषित ठरत नाही. याच्या उलट धोकाही तितकाच खरा आहे. 'आमच्याकडचे पाणी असेच' या सवयीखाली एखादे परके रसायन लपून राहू शकते. विहिरीच्या पाण्याचे जुने तपासणी अहवाल ग्रामपंचायतीच्या दप्तरात जपून ठेवलेले असतील, तर काल नसलेली वस्तू आज आली काय, हे ओळखता येते. ते नसतील तर तज्ज्ञालाही अंदाजच करावा लागतो.

जमिनीचा स्वभावही विचारात घेतला पाहिजे. काळी कसदार माती उन्हाळ्यात भेगाळते. हात जाईल एवढ्या भेगा पडतात. मृगाचा पहिला पाऊस या भेगांतून थेट खाली उतरतो आणि वर जे सांडलेले असेल ते बरोबर नेतो. घाटावर खडकातील फटींतून असे पाणी कोणत्या दिशेने जाईल, हे वरून सांगता येत नाही. जवळची विहीर सुरक्षित राहून दूरची बिघडू शकते. त्यामुळे संशयित जागेलगतच्या एका विहिरीचा नमुना चांगला निघाला, एवढ्यावर समाधान मानणे धोक्याचे आहे.

शोध कोठे घ्यावा?

मोठे कारखाने मंडळाच्या नोंदीत असतात. त्यांची तपासणी होत असते. नोंदीबाहेर राहतात त्या लहान जागा. जुन्या बॅटऱ्या फोडून शिसे वितळविण्याची जागा, धातूवर मुलामा देण्याचे बंद पडलेले दुकान, जळके ऑइल साठविण्याचे आवार, कीटकनाशकांचे जुने गोदाम अशा ठिकाणांची माहिती सरकारी दप्तरापेक्षा गावातील वृद्ध मंडळींना अधिक असते. सहामाही यादी करताना तलाठी व ग्रामसेवक यांनी त्यांना विचारणे हिताचे होईल. जळक्या ऑइलच्या संकलनाची जबाबदारी १ एप्रिल २०२४ पासून उत्पादकांवर टाकण्यात आली आहे आणि बॅटऱ्यांसाठी २०२२ पासून स्वतंत्र नियम आहेत. तथापि, गॅरेजमधील जळके ऑइल वाळवी लागू नये म्हणून लाकडाला फासण्याची पद्धत खेड्यापाड्यांत अजून आहे.

कापसाच्या या जिल्ह्यात कीटकनाशकांचा विचार टाळता येत नाही. मुदत संपलेली कीटकनाशके घातक कचऱ्याच्या अनुसूचीत येतात. भारतात शेतीसाठी डी.डी.टी.चा वापर १९८९ मध्ये, बी.एच.सी.चा १९९७ मध्ये थांबविण्यात आला. एंडोसल्फानवर २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली. बंदी आली तेव्हा दुकानांत व घरांत उरलेला माल कोठे गेला, हे शोधण्यासारखे आहे. रिकामे डबे मोडून वस्तीपासून दूर पुरावेत, असे १९७१ चे कीटकनाशक नियम सांगतात. शेतकऱ्याने डबा तीन वेळा विसळून ते पाणी फवारणीच्या पंपातच ओतले आणि मग डब्यास भोके पाडली, तर पुरावयाच्या डब्यात विष जवळजवळ उरत नाही. विसळण न करता विहिरीच्या काठाशी फेकलेला डबा मात्र त्याच विहिरीचे पाणी नासवू शकतो.

नव्या नियमांत तपासणीस मुदत आहे, पाहणीस मुदत आहे, जबाबदार व्यक्तीच्या शोधासही मुदत आहे. प्रत्यक्ष शुद्धीकरण अमुक दिवसांत पूर्ण झालेच पाहिजे, अशी मुदत मात्र नाही. जागा दूषित जाहीर होणे आणि तेथील माती निर्दोष होणे यांत अनेक वर्षांचे अंतर पडू शकते. त्या काळात लगतच्या वस्तीला पाणी कोठून द्यावयाचे, याचा विचार जिल्हा परिषदेच्या पाणीपुरवठा आराखड्यातच व्हावा लागेल. खारपाणपट्ट्यात तर जागा संशयित यादीत येताच तो सुरू झाला पाहिजे, कारण नळाची वाहिनी टाकण्यासही दोन-तीन पावसाळे जातात.